फोटो सुधारावा, पुरावा नव्हे

नागपूर-अमरावती महामार्गावरचे तळेगाव (श्यामजी पंत) हे संत्रापट्ट्यातले गाव. या भागात हल्ली झाडाचे पान पिवळे पडले की पहिल्यांदा खिशातून मोबाइल निघतो. पानाचा फोटो जाणकाराकडे जातो आणि फवारणीचा सल्ला येतो. सोय मोठी आहे; पण पाठवण्याआधी ‘जरा उठावदार दिसू दे’ म्हणून फोटो संपादनाच्या अ‍ॅपमध्ये ‘ऑटो’चे बटण दाबले जाते, तिथे घोळ होतो.

संत्र्याच्या पानाचे दुखणे रंगाच्या बारीक फरकावर ओळखले जाते. जस्त कमी पडले की शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो. लोह कमी पडले की फिकट कोवळ्या पानावर हिरव्या शिरांची बारीक जाळी उठते. ग्रीनिंग रोगात पिवळे डाग पानाच्या दोन्ही बाजूंना सारखे नसतात. पहिल्या दोन दुखण्यांवर अन्नद्रव्यांचा उपाय आहे. ग्रीनिंगवर औषध नाही. ऑटोचे बटण मात्र पिवळी छटा हा प्रकाशाचा दोष समजून ती कमी करू शकते. निदान चुकले, तर फवारणीचा खर्च आणि हंगाम दोन्ही हातचे जातात.

म्हणून हौशी छायाचित्रकाराने सॉफ्टवेअर निवडताना ‘इफेक्ट किती’ याआधी ‘मूळ फोटो शाबूत राहतो का’ हे विचारायला हवे. डार्कटेबल आणि रॉथेरपी ही संगणकावरची सॉफ्टवेअर मोफत आहेत. ती मूळ फाइलला हात लावत नाहीत. केलेले बदल वेगळ्या छोट्या फाइलमध्ये नोंदवतात. लाइटरूमही मूळ फाइल राखते, पण त्यासाठी वर्गणी भरावी लागते. मोबाइलवर स्नॅपसीड मोफत आहे. तिथे बदललेला फोटो नवी प्रत म्हणून जतन करावा. जेपीईजी फोटोत प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. जेपीईजी बदलून पुन्हा पुन्हा जतन केला की दर वेळी थोडा तपशील झडतो.

फोटोसोबत तारीख, वेळ आणि सुरू ठेवले असल्यास ठिकाणही नोंदले जाते. ही नोंद फाइलचे लेबलच. खोट्या लेबलाची किंमत महाराष्ट्रातल्या पक्षी अभ्यासाने मोजली आहे. वनपिंगळा या छोट्या घुबडाचा १८८४ नंतर खात्रीचा नमुना नव्हता. रिचर्ड माइनर्टझागन यांनी मात्र १९१४मध्ये गुजरातेत तो मिळवल्याचा दावा केला होता. प्रत्यक्षात तो संग्रहालयातून चोरलेला जुना नमुना होता. नव्याने भरून त्यावर खोटे लेबल चिकटवले होते. पामेला रासमुसेन यांनी खोटे नमुने बाजूला सारून खऱ्या नमुन्यांच्या ठिकाणांचा माग घेतला. नोव्हेंबर १९९७मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना वनपिंगळा जिवंत दिसला. एका लेबलाने अनेक वर्षे शोधाची दिशा बिघडवली होती.

आज असे लेबल बदलायला चोरी करावी लागत नाही. एआयवर चालणारी साधने धूसर फोटो ‘स्वच्छ’ करताना पक्ष्याच्या अंगावर नसलेली पिसे रेखाटू शकतात. नको असलेली फांदी पुसून तिथे नवे आकाश भरतात. भिंतीवर लावायच्या फोटोत हे चालेल. ई-बर्डसारख्या नोंदींत किंवा पिकाच्या निदानात तो पुरावाच बदलतो. बिबट्याचा बनावट फोटो गावच्या ग्रुपवर फिरला, तर लोकांची रात्रीची झोप उडते आणि वनकर्मचाऱ्यांची धावपळ वाया जाते.

यासाठी महागडे सॉफ्टवेअर लागत नाही, शिस्त लागते. मूळ फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावा. उजेड थोडा कमी-जास्त करणे किंवा कडा कापणे एवढेच करावे आणि तेही प्रतीवर. पानाचा फोटो दिवसाउजेडी, पांढऱ्या कागदावर ठेवून काढावा, म्हणजे रंग पारखायला आधार मिळतो. व्हॉट्सअ‍ॅपवर तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. नाहीतर फाइल दाबली जाते आणि सोबतची नोंदही गळते. लग्नाच्या फोटोवर हवे ते रंग चढवावेत. त्याला कुणाची हरकत नाही. पिवळ्या पानाचा फोटो मात्र पान जसे आहे तसाच जाणकारापर्यंत पोहोचला पाहिजे.