घरांतील उद्योग : नवी बॅट खेळावयास सिद्ध करणें

परीक्षा संपल्या कीं मुलांच्या मागण्यांना ऊत येतो, आणि आमच्याकडे येणाऱ्या पत्रांतही त्याचें प्रतिबिंब पडतें. एका भगिनींनीं विचारलें आहे : "मुलगा शाळेच्या संघांत निवडला गेला म्हणून त्याच्या वडिलांनीं इंग्लिश विलोची बॅट आणली आहे. किंमत सांगायची सोय नाहीं. मुलगा म्हणतो, उद्यांच मैदानावर नेणार. दीर म्हणतात, आधीं महिनाभर ठोकली पाहिजे. मामंजी म्हणतात, लाठीसारखें रोज तेल पाजा. खरें कोणाचें ?"

खरें दिरांचें. मामंजींचें निम्में. चिरंजीवांचें मात्र मुळींच नाहीं.

प्रथम लांकूड समजून घेतलें पाहिजे. इंग्लंडांत, विशेषतः एसेक्स परगण्यांत, ओलसर जमिनींत या विलोची झाडें मुद्दाम लावतात. आपल्याकडे नदीनाल्यांच्या कांठीं उगवणारा वाळुंज याच कुळांतला. पंधरा-वीस वर्षांत झाड तोडणीस येतें. त्याचें लांकूड हलकें व चिवट खरें, परंतु इतकें मऊ कीं कच्च्या फळीवर अंगठ्याचें नख दाबलें तर वण उमटतो. म्हणून कारागीर पातें घडवितांना त्याचा दर्शनी भाग यंत्राच्या रुळाखालीं दाबून घेतो. हा दाब फार झाला तर लांकडांतील उसळी मरते. तेव्हां तो हात राखूनच दाबतो आणि उरलेलें काम बॅटच्या धन्यावर सोपवितो. चेंडू पाहावा तर १५६ ते १६३ ग्रॅम वजनाचा, कठीण कातड्याचा, वर शिवणीचा उंचवटा असलेला. तो अशा अर्धवट घट्ट झालेल्या पृष्ठावर जोरानें आदळला कीं तंतू सुटतात आणि भेग पडते. जुन्या घरांतून नवी मातीची जमीन चोपण्यानें चोपून बसवीत, तें वडील मंडळींनीं पाहिलेंच असेल. न चोपलेल्या जमिनीवर जातें कोणी मांडीत नसे. बॅट ठोकणें तें हेंच. वरचे तंतू हळूहळू दबून एकमेकांत घट्ट बसले पाहिजेत.

आतां तेल. तें जवसाचें, आणि तेंही कच्चें. रंगाच्या दुकानांत 'उकळलेलें' म्हणून जें मिळतें तें घेऊं नये. लवकर वाळावें म्हणून त्यांत इतर द्रव्यें मिसळलेलीं असतात, आणि तें वरच्यावर पापुद्रा धरतें. खोबरेल किंवा गोडेतेल तर नकोच, कारण तीं वाळत नाहींत, नुसतीं मुरून लांकूड जड करतात. चहाचा एक चमचा तेल एका वेळेस पुरे. मऊ फडक्यानें तें पात्याच्या दर्शनी भागावर, दोन्ही कडांवर आणि तळाशीं पातळ चोळावें, पाठीवर नुसता हात फिरवावा. दांडा वेताचा असतो व तो पात्यांत पाचरीसारखा बसवून सरसानें जोडलेला असतो. त्या सांध्याला तेलाचा स्पर्शही होऊं देऊं नये, नाहींतर जोड ढिला पडतो. बॅट आडवी, तोंड वर करून, एक अहोरात्र ठेवावी. मग उरलेलें तेल पुसून दुसरा हात द्यावा. असे दोन, फार तर तीन हात. रोज तेल पाजण्याची मामंजींची कल्पना लाठीला शोभते. बॅट तशानें जड होते आणि तिचा आवाज बसतो. तेलाचें काम एवढेंच कीं लांकडाचा ओलावा एकदम उडून जाऊं नये व बाहेरचा एकदम आंत शिरूं नये.

हल्लीं पुष्कळ बॅटींच्या तोंडावर पारदर्शक पातळ पापुद्रा चिकटविलेला असतो. त्यावर तेल व्यर्थ आहे. जेथें लांकूड उघडें असेल तेथेंच लावावें. ठोकणें मात्र पापुद्रा असला तरी टळत नाहीं.

एक सूचना घरांतील सर्वांनींच लक्षांत ठेवावी. जवसाचें तेल वाळतांना हवेंतील प्राणवायु शोषून घेतें व त्यांतून उष्णता निघते. तेलकट फडकें गोळा करून अडगळींत फेकलें तर ही उष्णता आंतच कोंडते, आणि कोणीं काडी न ओढतांही तें पेट घेऊं शकतें. काम झालें कीं फडकें पाण्यांत भिजवावें किंवा अंगणांत दोरीवर पसरून वाळवावें. मुलांच्या हातीं तेल देतांना हें काम मोठ्यांनीं आपल्याकडेच ठेवावें हें बरें.

ठोकावयास लांकडी मोगरी मिळते. न मिळाली तर जुना कातडी चेंडू मोज्यांत घालून तोंड बांधावें, तेवढ्यानें भागतें. आरंभ अगदीं हलक्या हातानें. पहिले दोनतीन दिवस घाव असा असावा कीं शेजारच्या खोलींत झोपलेलें मूल जागें होऊं नये. मग रोज थोडा थोडा जोर वाढवावा. तोंडाचा जो भाग चेंडूशीं अधिक भिडतो, म्हणजे मध्यापासून खालचा, त्याकडे अधिक लक्ष द्यावें. कडांवर समोरून कधींही घाव घालूं नये. मोगरी तिरपी धरून, कड थोडी गोलसर होईल अशा बेतानें ठोकावें. तळाच्या कोपऱ्यालाही हाच नियम. तळाच्या बुडावर आणि पाठीवर मुळींच ठोकूं नये. बॅट फुटते ती बहुधा कडेला नाहीं तर तळाशीं, आणि घाईच्या माणसाचें दुर्लक्षही नेमकें तेथेंच होतें.

एकूण पांच-सहा तास ठोकणें लागतें. एका बैठकींत नव्हे. रोज पंधरा मिनिटें धरलीं तर तीन आठवड्यांवर काम जातें, आणि दिरांच्या महिन्यांत फारशी अतिशयोक्ति उरत नाहीं. वेळ मात्र विचारून ठरवावी. एकत्र कुटुंबांत दुपारीं दोन वाजतां मोगरीचा ठक्‌ ठक्‌ सुरू झाला तर बॅटची नव्हे, घराची शांति भंगते. संध्याकाळीं दिवेलागणीपूर्वीं गच्चीवर ठीक. आमच्या माहितीच्या एका घरीं दोघे चुलत भाऊ आळीपाळीनें ठोकीत आणि आजोबा घड्याळ धरून बसत. मुलांपेक्षां आजोबांनाच त्याची गोडी अधिक लागली होती.

सामना येत्या रविवारींच असेल तर जुनी किंवा कोणाची उसनी बॅट घ्यावी. मुलगा रुसेल, रुसूं द्यावा. तळाशीं उभी भेग गेलेली नवी बॅट पाहून तो आणि त्याचे वडील दोघेही रुसतील, त्यापेक्षां हें स्वस्त पडतें.

बॅट तयार झाली कीं नाहीं हें असें पाहावें : चांगला कातडी चेंडू हातांत घेऊन त्याची शिवण तोंडावर थोडी जोरानें आपटावी. शिवणीचा खोल ठसा उमटला तर अजून काम बाकी आहे. ठसा जवळजवळ न उमटला तर जुन्या चेंडूनें हलके झेल द्यावे, मग सरावांत जुन्याच चेंडूवर पांच-सात दिवस खेळावें, आणि त्यानंतरच नवा चेंडू.

काश्मिरी विलोच्या बॅटी स्वस्त मिळतात. अनंतनाग जिल्ह्यांत रस्त्याच्या कडेला त्यांच्या फळ्यांच्या चवडी वाळत घातलेल्या प्रवाशांस दिसतात. लांकूड अधिक टणक व जड. तरी कातडी चेंडूसाठीं त्याही ठोकाव्याच. टेनिसच्या चेंडूनें गल्लींत खेळणाऱ्यांना मात्र यांतलें कांहीं करावें लागत नाहीं. मेरठ व जालंदर या गांवीं हा धंदा आज भरभराटीस आला आहे तो बराचसा १९४७ सालीं सियालकोटहून निघून आलेल्या कारागिरांच्या हातांनीं. कोणी विचारील, एवढा खटाटोप करण्यापेक्षां धातूची बॅट कां नको ? १९७९ सालीं पर्थच्या कसोटी सामन्यांत डेनिस लिली ॲल्युमिनियमची बॅट घेऊन उतरला होता. मोठा वाद झाला, आणि पुढें पातें लांकडाचेंच असलें पाहिजे असा नियम झाला.

खरेदीच्या वेळचीही एक गोष्ट सांगून टाकतों. आपल्याकडे कपडे वाढत्या अंगाचे शिवतात, त्याच हिशेबानें बॅटही दोन मापें मोठी घेण्याकडे वडिलांचा कल असतो. पेलत नाहीं अशा बॅटनें मुलाचे हात वाईट वळणाला लागतात, आणि तें वळण मागाहून सुटत नाहीं. माप आजच्या उंचीचेंच घ्यावें.

खेळतांना तोंडावर बारीक केसासारख्या रेषा दिसूं लागतील. त्या स्वाभाविक आहेत, घाबरूं नये. भेगेंत नख शिरूं लागलें तर खेळ थांबवून कारागिराकडे न्यावी. बॅट ओल्या मैदानावर तळ टेंकून उभी ठेवूं नये, कारण पाणी तळांतूनच वर चढतें. हंगाम संपला कीं बारीक पॉलिशकागदानें तोंड साफ करून एकच हलका तेलाचा हात द्यावा आणि पावसाळाभर ती सुती पिशवींत, भिंतीच्या ओलीपासून दूर, कपाटांत ठेवावी. पत्र्याखालचा माळा नको, आणि उन्हांत उभी असलेली मोटारही नको.