आधी जखमीचं बोला

कवठे येमाईच्या शिवारात स्फोट म्हणजे विहिरीचा सुरुंग. त्यामुळे इथल्या माणसाला एक गोष्ट शिकवावी लागत नाही: सुरुंग उडताना विहिरीत थांबायचं नाही. दारू तीच, माणूस मोकळ्यावर आहे की भिंतींच्या आत, यावर त्याचं जगणं-मरणं ठरतं.

मोकळ्या रानात स्फोटाची लाट चहूकडे पसरून ओसरते. बंदिस्त जागेत ती भिंतीवर आपटून परत येते आणि कान, फुप्फुसं, आतडी असे हवा असलेले अवयव फाडते. इस्रायली डॉक्टरांनी 1996 मध्ये चार बॉम्बस्फोटांची तुलना मांडली. मोकळ्या जागेत सापडलेल्यांपैकी सुमारे 8 टक्के दगावले, बसमध्ये सापडलेल्यांपैकी 49 टक्के.

हे गावकऱ्याला कळतं. शासनाला आणि चॅनलवाल्यांना कळत नाही. स्फोट झाला की त्यांना फक्त आरोपीचं नाव हवं असतं, तेही आपल्यातलं असेल तर लवकर. 11 जुलै 2006 ला मुंबईच्या खचाखच भरलेल्या लोकलच्या डब्यांत सात स्फोट झाले. 8 सप्टेंबरला, शब-ए-बरातच्या दिवशी, मालेगावात जुम्याच्या नमाजनंतर बडा कब्रस्तान परिसरात स्फोट झाले. यंत्रमागांच्या एवढ्या मोठ्या शहरातले जखमी धुळ्याला, नाशिकला हलवावे लागले. नंतर काय झालं? मालेगावात पकडलेले मुस्लिम आरोपी 2016 मध्ये दोषमुक्त झाले. लोकल स्फोटांतल्या बारा जणांची शिक्षा जुलै 2025 मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केली. त्याच महिन्यात मालेगाव 2008 च्या खटल्यातले सातही आरोपी सुटले. निर्दोषांची उमेदीची वर्षं गेली, गुन्हेगार सापडले नाहीत आणि त्या दिवशी रस्त्यात कोण रक्ताअभावी गेलं, याचा हिशेब कुणीच मागितला नाही.

काही मित्र म्हणतात, आधी न्याय, दवाखान्याचं नंतर बघू. आमचं म्हणणं, वेळेवर उपचार हाही न्यायच आहे. कोलकात्यात एका जखमी शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवलं. पश्चिम बंग खेत मजदूर समिती सर्वोच्च न्यायालयात गेली. 1996 मध्ये न्यायालयाने सांगितलं की सरकारी रुग्णालयाने तातडीचा उपचार न देणं हा कलम 21 चा, जगण्याच्या हक्काचा भंग आहे. पैसा नाही ही सबबही न्यायालयाने मानली नाही.

आता आपल्या तालुक्यात या. विहिरीत अडकलेला मजूर, बंद खोलीत फुटलेला सिलिंडर, रांजणगावच्या कारखान्यातला बॉयलर: तिन्ही बंदिस्त जागा. बाहेरून जखम दिसत नाही म्हणून घरी पाठवलेल्या माणसाला काही तासांनी श्वास पुरेनासा होऊ शकतो. म्हणून डॉक्टरांचा एक प्रश्न असलाच पाहिजे: स्फोट झाला तेव्हा आत होतात की बाहेर? शिवाय हलके जखमी मिळेल त्या गाडीने आधी पोचतात, खाटा भरतात आणि ढिगाऱ्याखालचे गंभीर जखमी मागून येतात. शिरूरपासून ससून साठ-सत्तर किलोमीटर. कोणाला जवळ ठेवायचं, कोणाला थेट पुण्याला न्यायचं, हे आधीच ठरलेलं हवं.

ग्रामसभेत हे मागा: तालुक्याचा लेखी आराखडा, रक्ताची सोय, सुरुंगाच्या प्रत्येक कामाची आगाऊ नोंद. आणि बोट फक्त सरकारकडे नको. मशिदीच्या रंगरंगोटीला वर्गणी जमते, तर रक्तस्राव थांबवायला दहा मुलं-मुली तयार करायलाही जमली पाहिजे. त्यात मोहल्ल्याबाहेरचेही असावेत. सुरुंगानंतर विहिरीत साचलेल्या विषारी वायूत वाचवायला म्हणून कुणी उडी घेऊ नये, हेही जुम्याला सांगा.

विहिरीतून वर काढलेल्या माणसाला कुणी जात-धर्म विचारत नाही. त्याच्यासाठी वेळेत गाडी आली का, एवढंच विचारतात.