माशी बांधायची, पण पिसे कुठली?

गळ टाकणाऱ्यांचा एक पंथ असा आहे, की तो गळाला गांडूळ लावत नाही की कणकेची गोळी लावत नाही. इवल्याशा आकड्यावर पीस, लोकर, जर गुंडाळून त्याचाच किडा करतो आणि माशाला फसवतो. या बनावट किड्याला इंग्रजीत ‘फ्लाय’ म्हणतात. आपण माशी म्हणू. ती तयार करण्याच्या कामाला ‘फ्लाय टायिंग’ असे नाव आहे. खानापूरच्या एका वाचक भगिनीने पत्रातून विचारले आहे, की बारावीची परीक्षा देऊन घरी बसलेल्या चिरंजीवांना हा नाद लागला आहे, तर त्याचे सामान कुठे मिळेल?

ताई, खास दुकान शोधत बसू नका. नवशिक्यांसाठी ऑनलाइन तयार संच मिळतात. पण त्यांतली निम्मी रंगीत पिसे डब्यातच राहतात. मुलाला खरोखर विकत घ्यावे लागेल ते थोडेच. एक म्हणजे आकडे. ते मासेमारीच्या सामानाच्या दुकानात मिळतात. म्हापसा-मडगावकडे कोणी जाणार असेल तर त्याला सांगावे. आठ किंवा दहा नंबरचे मागावेत. इथे नंबर वाढला की आकडा लहान होतो, हे मुलाने लक्षात ठेवावे, नाहीतर मुंगीएवढे आकडे घेऊन घरी येईल! दुसरे म्हणजे आकडा घट्ट धरणारी पकड. परदेशी पकड महाग असते. उद्यमबागेत ओळखीचा लेथवाला असेल तर टेबलाला बसणारी छोटी पकड करून देईल. तिसरा धागा. साधा शिवणाचा दोरा जाड पडतो, मशीनच्या भरतकामाचा बारीक दोरा घ्यावा. खडेबाजार, गणपत गल्लीकडे शिवणकामाच्या सामानाची दुकाने आहेतच. चमकदार पट्ट्यासाठी विलायती ‘टिन्सल’ कशाला हवे? शहापूर-वडगाव ही विणकरांची वस्ती, तिथे जरीचा तुकडा मागितला तर कोणी नाही म्हणणार नाही. शेवटची गाठ पक्की करायला नखांना लावायचे बिनरंगी पॉलिश चालते. ते घरातल्या कुणाकडून तरी उसने घ्यावे.

सुरुवात कुठल्या माशीपासून करावी? माझे मत फ्रँक सॉयर यांच्या बाजूने. इंग्लंडमधल्या एव्हन नदीच्या वरच्या टप्प्याची राखण करणारे हे गृहस्थ. त्यांच्या प्रसिद्ध माशीला दोनच वस्तू लागतात, फेझंट पक्ष्याच्या शेपटाचे तंतू आणि तांब्याची केसासारखी तार. धागासुद्धा नाही! तारच धाग्याचे काम करते आणि वजनाने माशी पाण्याखालीही नेते. फेझंट आपल्याकडे कुठला? तपकिरी कोंबड्याच्या शेपटाचे तंतू घेऊन हात बसवता येतो. आणि तार मोटार रिवाइंडिंगच्या कोणत्याही दुकानात, जुन्या कॉइलमधून निघालेली, मूठभर मिळते.

पिसांसाठी चिकनच्या दुकानात जाऊन उपयोग नाही. ब्रॉयलर कोंबडी दीड महिन्यातच कापली जाते, तिची मानेची पिसे वाढलेलीच नसतात. पाहिजे तो वर्षा-दीड वर्षाचा गावठी कोंबडा. त्याच्या मानेची लांब, ताठ, निमुळती पिसे हे या कामातले सोने. अमेरिकेत केवळ या पिसांसाठी कोंबडे जोपासणारे फार्म आहेत. २०११ साली तिथल्या मुलींमध्ये केसांत ही पिसे लावायची फॅशन आली, तेव्हा ब्यूटी पार्लरवाल्यांनी दुकानेच्या दुकाने रिकामी केली आणि गळवाले हात चोळत बसले. आपल्याकडे गावच्या यात्रेनंतर ही पिसे उकिरड्यावर जातात. मोरपिसाच्या कडेचे तंतूही उपयोगी पडतात. ती जत्रेत मिळतात. मात्र परदेशी पाहुण्याबरोबर पाठवू नयेत, निर्यातीला बंदी आहे. गोव्याच्या खाडीतल्या चोणकासाठी मोठी माशी करायची तर बकऱ्याच्या शेपटीचे केस खाटकाकडे मिळतील.

आता जे सांगतो ते खानापूरच्या पत्राला उत्तर देताना सांगितलेच पाहिजे. या छंदाची पुस्तके चाळली, की मुलगा ‘जंगल कॉक’ हा शब्द वाचेल. तो आपला राखी रानकोंबडा. भीमगडच्या रानात आणि पलीकडे म्हादईच्या खोऱ्यात पहाटे ओरडतो तोच. त्याच्या मानेच्या पिसांवर मेणाचा थेंब पडावा तसे चकाकते ठिपके असतात. एकोणिसाव्या शतकापासून विलायतेत सामन माशासाठीच्या माशांना या पिसाचे गाल लावतात. ‘जॉक स्कॉट’ ही त्यांतली नावाजलेली. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने या पक्ष्याच्या शिकारीला बंदी आहे. ब्रिटनमध्ये आता तो पाळून त्याची पिसे विकतात. आपल्याकडे मात्र कोणी ‘रानातले आहे, स्वस्तात देतो’ म्हणाला, तर त्या पिसामागे फासात अडकलेला पक्षी असतो आणि घेणाराही गुन्ह्यात सापडतो.

पिसाची हाव कुठवर नेते पाहा. जून २००९ मध्ये इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या संग्रहालयातून पक्ष्यांचे २९९ नमुने चोरीला गेले. त्यांत आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी दीडशे वर्षांपूर्वी जमवलेलेही होते. चोर कोण? लंडनमध्ये बासरी शिकणारा वीस वर्षांचा अमेरिकन विद्यार्थी, माशा बांधण्यात पटाईत! पिसे सुटी करून त्याने छंदिष्टांना विकली. पुढे तो पकडला गेला, पण अनेक नमुन्यांच्या चिठ्ठ्या तोपर्यंत काढून टाकलेल्या होत्या. पक्षी कुठे, कधी मिळाला हे सांगणारी चिठ्ठी गेली, की अभ्यासकाला त्या नमुन्याचा फारसा उपयोग उरत नाही. आणि गंमत अशी, की मासा पीस कुठल्या पक्ष्याचे ते विचारत नाही. त्या महागड्या माशा बांधणारे पुष्कळ जण कधी पाण्यावर जातही नाहीत.

तेव्हा ताई, चिरंजीवांना शेजारच्या कोंबडेवाल्याकडे पाठवा. आणलेली पिसे साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन सावलीत पूर्ण वाळवावीत, हातही नीट धुवावेत. मग झाकणाच्या डब्यात डांबरगोळीबरोबर ठेवावीत, नाहीतर कसर लागते. फक्त तो डबा फडताळात पिठाशेजारी ठेवू देऊ नका. त्या वासाची भाकरी घरात कोणी खाणार नाही.