विश्लेषण : कांदाचाळीत बिटकॉइनचे यंत्र बसवले, तर हिशेब जुळतो का?

‘मशीन लावा, झोपेत पैसे कमवा’ अशा रील्स ग्रामीण भागातील तरुणांच्या मोबाइलवर सतत येत असतात. जुने मायनिंग यंत्र स्वस्तात मिळते, शेतात रिकामी कांदाचाळ असते, पंपाची वीज तर मोफतच आहे. मग अडचण कसली, असा प्रश्न राहुरी-नेवाशापासून पारनेर-श्रीगोंद्यापर्यंत कुणालाही पडू शकतो. अडचण नेमकी त्या ‘मोफत’ विजेपासूनच सुरू होते.

यंत्र नेमके काय करते?

बिटकॉइनच्या व्यवहारांची नोंदवही कोणत्याही एका बँकेकडे नसते. जगभरातील यंत्रे एक आकडा शोधण्याची शर्यत लावतात. साधारण दर १० मिनिटांनी कोणाला तरी तो सापडतो, नोंदवहीत एक नवे पान म्हणजे ‘ब्लॉक’ जोडला जातो आणि विजेत्याला नवे बिटकॉइन मिळतात. २००९ मध्ये हे बक्षीस ५० बिटकॉइन होते. ते ठरावीक टप्प्यांनी निम्मे होत जाते. एप्रिल २०२४ पासून ते ३.१२५ वर आले आहे. म्हणजे साऱ्या जगात मिळून दिवसाला सुमारे ४५० नवे बिटकॉइन तयार होतात.

यंत्रे वाढली म्हणून बिटकॉइन जास्त निघत नाहीत. दर २,०१६ ब्लॉकनंतर, म्हणजे सुमारे दोन आठवड्यांनी, कोडे आपोआप अवघड किंवा सोपे केले जाते. विहिरीतले पाणी तेवढेच, मोटारी मात्र रोज नव्या, असा हा प्रकार आहे.

गेमिंग कॉम्प्युटरवर हे काम आता होत नाही. ग्राफिक्स कार्डवर चालणारे इथेरियमचे मायनिंग १५ सप्टेंबर २०२२ रोजी बंद झाले. बिटकॉइनला केवळ याच कामासाठी बनवलेले ‘एसिक’ यंत्र लागते.

महिन्याचा हिशेब

जुन्या बाजारात दिसणारे अँटमायनर एस-१९ प्रो हे यंत्र घेऊ. त्याची क्षमता ११० टेराहॅश आणि विजेचा वापर ३,२५० वॉट. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर हा भार पाच एचपीच्या मोटारीपेक्षा थोडा कमी. फरक इतकाच की ही मोटार दिवस-रात्र, बारा महिने चालू ठेवायची. ३० दिवसांचे २,३४० युनिट होतात.

बिटकॉइनच्या जाळ्याची एकूण ताकद २०२५ मध्ये एक झेटाहॅशच्या घरात पोहोचली. त्या प्रमाणात या एका यंत्राच्या वाट्याला महिन्याला सुमारे ०.००१४८५ बिटकॉइन येतात. एका बिटकॉइनची किंमत ८० लाख रुपये धरली, तर ही रक्कम ११,८८० रुपये होते. व्यापारी जोडणीचा सर्व आकारांसह दर युनिटला १० रुपये धरला, तर वीजबिल २३,४०० रुपये. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, ते हेच. घरगुती जोडणीवर तर ५०० युनिटच्या पुढचा दर १५ रुपयांच्याही वर जातो.

म्हणजे वीज पाच रुपयांच्या आसपास मिळाली, तरच खर्चाची जेमतेम तोंडमिळवणी होते. त्यातही यंत्राची किंमत, दुरुस्ती आणि पूलचे शुल्क धरलेले नाही. नवे एस-२१ यंत्र २०० टेराहॅशचे आणि ३,५०० वॉटचे आहे. त्याचे गणित याच किमतीला साडेआठ रुपयांपर्यंत तग धरते, पण त्याच्या खरेदीचा भांडवली खर्च मोठा असतो. बिटकॉइनचा भाव चढला तर? तेव्हा जगभर नवी यंत्रे सुरू होतात, कोडे अवघड होते आणि आपला वाटा पुन्हा घटतो.

पूलमध्ये न जाता एकट्याने नशीब आजमावता येते का? येते. मात्र या एका यंत्राला स्वतःचा ब्लॉक सापडण्यासाठी सरासरी १७३ वर्षे लागतील.

मग पंपाच्या विजेवर का नको?

खरा मोह येथेच आहे. राज्यात ७.५ एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांसाठी मोफत वीज देण्याची योजना लागू आहे. त्या विजेचे पैसे राज्य सरकार महावितरणला देते. ही वीज पंपासाठी आहे. ज्या कारणासाठी जोडणी मंजूर झाली ते सोडून दुसऱ्या कामाला वीज वापरली, तर वीज कायदा, २००३ च्या कलम १२६ नुसार तो अनधिकृत वापर ठरतो आणि लागू होणाऱ्या दराच्या दुप्पट आकारणी होते. वापर कधीपासून सुरू होता हे ठरवता आले नाही, तर तपासणीपूर्वीच्या १२ महिन्यांची आकारणी होऊ शकते. आकडा टाकणे किंवा मीटरमध्ये फेरफार करणे ही कलम १३५ खाली चोरी आहे, तेथे फौजदारी गुन्हा दाखल होतो. घरगुती मीटरवर असा धंदा चालवणेही वादात सापडू शकते.

कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी यंत्र चालत नाही. शेतीच्या फीडरवर थ्री फेज वीज साधारण आठ तास, कधी दिवसा तर कधी रात्री, पाळीने मिळते. मायनिंगला २४ तास हवेत. आठच तास चालले तर उत्पन्न एक तृतीयांश. दाब कमी झाला की यंत्राचा वीजपुरवठा विभाग बंद पडतो, कारण त्याला २०० ते २४० व्होल्ट लागतात. उन्हाळ्यात भरणे एकदम सुरू झाले की गावाकडे दाबाचे काय होते, हे वेगळे सांगायला नको.

आणि डीपीचे काय? ६३ किंवा १०० केव्हीएच्या रोहित्रावर आधीच क्षमतेइतक्या मोटारी असतात. त्यावर अशी चार-पाच यंत्रे अखंड चालवली आणि डीपी जळाली, तर नुकसान यंत्रवाल्यापुरते राहत नाही. त्या डीपीवरच्या प्रत्येकाचा कांदा, गहू आणि ऊस पाण्यावाचून थांबतो. इराणने मे २०२१ मध्ये चार महिन्यांसाठी मायनिंगवर बंदी घातली, तेव्हाही कारण उन्हाळ्यातील वीजटंचाईचेच होते. या जिल्ह्यात हे यंत्र नफ्यात दाखवणारा विजेचा दर जवळपास एकच आहे, तो म्हणजे दुसऱ्याने भरलेला.

उष्णता, धूळ आणि आवाज

यंत्राने घेतलेली जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊन बाहेर पडते. दोन किलोवॉटचे दीड गिझर बंद खोलीत सतत चालू ठेवल्यासारखेच हे आहे. निर्मात्याने आत घेतल्या जाणाऱ्या हवेची मर्यादा ४० अंश दिली आहे; नगरच्या एप्रिल-मेमध्ये सावलीतला पाराच तेथवर जातो, पत्र्याखाली तर विचारायलाच नको. एसी लावला तर त्याचे वेगळे बिल येते. कांदाचाळीत हवा खेळती असते हे खरे, पण त्याच हवेतून माती, पाचटाची राख आणि पावसाळी ओल आत येते. पंख्यांचा आवाज ७५ डेसिबलच्या घरात जातो. शेजारी घर किंवा गोठा असेल तर तक्रार ठरलेलीच.

इंटरनेट मात्र फारसे लागत नाही, साधे कनेक्शन पुरते. फक्त वीज गेल्यावर राउटरही बंद पडतो.

सौरऊर्जेचा पर्याय प्रामाणिक आहे, पण लहान नाही. एक किलोवॉटचे पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिट देते. एका यंत्राला रोज ७८ युनिट लागतात, म्हणजे सुमारे २० किलोवॉट आणि त्यासाठी दोन गुंठ्यांच्या आसपास जागा. रात्रीची सोय वेगळीच. कृषी फीडर सौर विजेवर आणण्याच्या राज्याच्या योजनेचा सुरुवातीचा प्रयोग याच जिल्ह्यात, राळेगणसिद्धीत झाला. तो दिवसा पंप चालावेत म्हणून होता. भूतानमध्ये सरकारी मालकीची द्रुक होल्डिंग ही संस्था मायनिंग करते, पण ती स्वतःच्या देशातील जलविद्युतवर.

कर किती?

देशात मायनिंगवर थेट बंदी घालणारा कायदा नाही. मात्र १ एप्रिल २०२२ पासून आभासी मालमत्तेच्या विक्रीतील उत्पन्नावर ३० टक्के कर आणि त्यावर उपकर आहे. १ जुलै २०२२ पासून व्यवहारावर एक टक्का टीडीएसही कापला जातो. संपादनाच्या खर्चाखेरीज कोणतीही वजावट मिळत नाही आणि मायनिंगच्या यंत्रसामग्रीचा खर्च त्यात धरला जाणार नाही, असे केंद्र सरकारने मार्च २०२२ मध्ये संसदेत स्पष्ट केले. वरच्या उदाहरणात ११,८८० रुपयांवर सुमारे ३,७०० रुपये कर लागेल, वीजबिलात तोटा झालेला असला तरी! दुकानदाराला भाडे आणि वीज वजा करता येते, ती सवलत येथे नाही.

‘यंत्र आमच्याकडे ठेवा’

एवढी कटकट नको म्हणून ‘पैसे तुमचे, मशीन आमचे’ असा प्रस्ताव पुढे येतो. याचा महाराष्ट्राने घेतलेला अनुभव म्हणजे ‘गेनबिटकॉइन’. क्लाउड मायनिंगच्या नावाखाली १८ महिने दरमहा १० टक्के परताव्याचे आमिष दाखवल्याचा आरोप या प्रकरणात आहे. सूत्रधार म्हणून आरोप असलेल्या अमित भारद्वाजला २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी अटक केली. जानेवारी २०२२ मध्ये त्याचा मृत्यू झाला. तपास पुढे सीबीआयकडे गेला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये देशभरात ६० हून अधिक ठिकाणी झडत्या झाल्या.

अशी ऑफर घेऊन कुणी दारात आले, तर दोन गोष्टी मागून पाहाव्यात. यंत्रे जेथे आहेत तेथील ताजे वीजबिल, ते कोणाच्या नावावर आणि कोणत्या दराने आहे यासह. आणि पूलच्या खात्यात मिळकत थेट गुंतवणूकदाराच्या वॉलेटवर जमा होते, याचा पुरावा. दोन्ही कागद मोबाइलवर पाच मिनिटांत दाखवता येतात.