आधी तुकडा, मग निकाल

‘ट्यूमर’ म्हणजे कॅन्सर, हे समीकरण आपल्या डोक्यात इतके पक्के बसले आहे की पुढचे काही ऐकूच येत नाही. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने यावर लिहावे हा आगाऊपणा वाटल्यास वाचकांनी क्षमा करावी.

आमच्या गल्लीतील एका काकांच्या लघवीतून रक्त जाई. ‘उन्हाळी लागली असेल’ म्हणून त्यांनी चार महिने धन्याच्या पाण्यावर काढले. मग स्कॅनमध्ये गाठ दिसली आणि तेवढ्यावरच एका दवाखान्यात ‘लघवीची पिशवी काढावी लागेल’ असे सांगण्यात आले. दुसरीकडे तुकडा तपासला तेव्हा निघाला ‘श्वानोमा’. इंग्रजी कागद वाचून दाखवायला मला बोलावले, तेव्हापासून हा विषय माझ्या मागे लागला आहे.

माझ्या मते स्कॅन म्हणजे तेरीज, व्हाउचर नव्हे. तेरीज जुळली म्हणून आतील नोंदी खऱ्या ठरत नाहीत. मूत्राशयाचे बहुतेक कर्करोग आतल्या अस्तरातून उगवतात, त्यामुळे डॉक्टरांना तो संशय आधी येणे रास्तच. पण क्वचित एखादी गाठ मज्जातंतूच्या वेष्टनातून येते. थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाचे नाव लाभलेल्या पेशींची असेल तर श्वानोमा. तंतूंतच मिसळून वाढली तर न्यूरोफायब्रोमा. सी. टी., एम. आर. आय. गाठीची जागा आणि आकार सांगतात, जात खात्रीने सांगत नाहीत. ती कळते दुर्बिणीतून काढलेल्या तुकड्यावरून. तोही पुरेसा खोल हवा, कारण ही गाठ बहुधा अस्तराखाली असते. ‘एस-१००’ या प्रथिनाची चाचणी श्वानोमात ठळक उमटते.

श्वानोमा सहसा निरुपद्रवी. दुर्बिणीतून किंवा मूत्राशयाचा तेवढाच भाग कापून ती काढतात, आणि पुढे तपासण्या चालू ठेवतात. न्यूरोफायब्रोमाचे मात्र तसे सरळ नाही. अंगावर कॉफीच्या रंगाचे डाग आहेत का, घरात कोणाला असा विकार आहे का, हे विचारावेच लागते. १८८२ साली फॉन रेक्लिंगहाउझेन यांनी वर्णिलेला आनुवंशिक आजार त्यामागे असू शकतो. अशा गाठी भिंतीत पसरतात, काही पुढे घातकही होतात. तेव्हा मोठी शस्त्रक्रिया टळत नाही. म्हणजे पिशवी काढणे नेहमीच चूक, असे मी म्हणत नाही. निकालाआधी शिक्षा नको, एवढेच.

आणि निकाल रोग्याला कळावा. आमच्या भागात डॉक्टर कन्नड बोलतात, रोगी मराठी, कागद इंग्रजी. मराठीत ‘गाठ’ म्हणा, कन्नडात ‘गड्डे’ म्हणा. पण ‘ही कॅन्सरची नाही’ एवढी एक ओळ रिपोर्टखाली दोन्ही भाषांत लिहायला काय खर्च येतो? डॉक्टरांना वेळ नसेल, तर दोन्ही भाषा येणारी आमच्या वर्गातील निम्मी मुले दुपारनंतर कॅन्टीनमध्येच असतात. मजकूर डॉक्टरांनी सांगावा, लिहून आम्ही देऊ.