पंच पाहिजेत!

दिवाळीच्या अंकात सदर लिहिणाऱ्याने चकलीच्या भाजणीवर किंवा लहानपणीच्या पहाटेच्या थंडीवर लिहावे, असा एक अलिखित संकेत आहे. वाचकहो, यंदा तो मी बाजूला ठेवला आहे. यंदा या पानावर विमानांची लढाई आहे. घाबरू नका. ही विमाने जमिनीवर उभे राहून रेडिओने चालवायची असतात, त्यांचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन-अडीच हात भरतात, आणि या लढाईत फाटतो तो फक्त कागद.

खेळ सांगायला सोपा आहे. प्रत्येक विमानाच्या शेपटाला क्रेप कागदाची सुमारे तीस फूट लांबीची पट्टी बांधतात. चार, सहा, कधी आठ विमाने एकदम आकाशात चढतात आणि एकमेकांच्या पाठी लागतात. आपण दुसऱ्याची पट्टी कापायची आणि आपली वाचवायची. विमान पाडणे हा हेतूच नव्हे. टक्कर झालीच तर दोघांचेही नुकसान, आणि मग पुढच्या फेरीपर्यंत तुकडे चिकटवत बसणे आले.

हा विषय माझ्या हाती लागला तो 2024 च्या उन्हाळी सुट्टीत. माझी धाकटी बहीण अमेरिकेत इंडियाना राज्यात असते. तिच्याकडे मी दोन महिने राहिलो. मी पडलो मराठी शिकवणारा माणूस. माझा यंत्रांशी संबंध पंख्याच्या बटणापुरता. पण सतरा वर्षांच्या भाच्याने पहिल्याच रात्री मला गॅरेजमध्ये नेले आणि आपल्या तोडक्या मराठीत हा खेळ समजावून सांगितला. मी येवल्याचा. आमच्याकडे संक्रांतीचे तीन दिवस सारे गाव गच्चीवर असते आणि ज्याच्या हातात आसारी नाही तो आजारी समजावा. तेव्हा मी पटकन म्हटले, “म्हणजे बिनदोऱ्याच्या पतंगांची काटाकाटी!” त्यावर भाचा शांतपणे म्हणाला, “नाही मामा. पतंग मागून येत नाही.”

या एका वाक्यात सगळा फरक आला. दुसराही एक फरक आहे, तो मात्र त्यांच्या बाजूचा. आमच्या खेळात कापणारे हत्यार म्हणजे मांजा, आणि नायलॉनचा मांजा आल्यापासून त्याने पतंगांपेक्षा पक्ष्यांचे पंख आणि दुचाकीवरून जाणाऱ्यांचे गळे अधिक कापले. 2017 साली राष्ट्रीय हरित लवादाने त्यावर देशभर बंदी घातली, तरी दर जानेवारीत वर्तमानपत्रे काय छापतात ते आपण वाचतोच. तिकडे कागद निरुपद्रवी. धोका आहे तो विमानाचा. किलोभर वजनाची वस्तू मोटारीच्या वेगाने डोक्यावरून जाते. म्हणून उडवणाऱ्याने आणि पंचाने डोक्यावर कडक टोप घातल्याशिवाय रेषेपाशी उभे राहायचे नाही, आणि विमानाने ती रेषा ओलांडून माणसांच्या बाजूला यायचे नाही.

ही कल्पना आजची नाही. रेडिओ स्वस्त होण्यापूर्वी अशी विमाने तारेला बांधून गोल फिरवीत. दोन गडी मैदानाच्या मध्यभागी अगदी लगट करून उभे, प्रत्येकाच्या मुठीत सुमारे सोळा मीटर लांबीच्या दोन तारा, आणि वर दोन विमाने एकमेकांच्या पट्ट्यांमागे. हा प्रकार अजून जिवंत आहे. 1905 साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय विमानक्रीडा महासंघाच्या नियमांत त्याला ‘एफ-टू-डी’ असे रुक्ष नाव आहे.

रेडिओचा काळ आला तेव्हा नवीच अडचण आली. अमेरिकेत या विमानांसाठी पन्नास वाहिन्या राखून ठेवलेल्या होत्या. एकाच वाहिनीवर दोघांनी यंत्र चालू केले की एकाचे विमान दुसऱ्याचे ऐकू लागे आणि सरळ जमिनीत जाई. म्हणून मैदानावर एक फळी असे आणि तिच्यावर वाहिन्यांचे आकडे लिहिलेले कपड्यांचे चिमटे. ज्याच्याकडे चिमटा त्यानेच बटण दाबायचे. सामना ठरवणाऱ्याला आधी सगळ्यांच्या वाहिन्या जुळवाव्या लागत. पत्रिका जुळवण्यासारखेच ते काम, आणि त्यातही मंगळ निघेच. गेल्या वीसएक वर्षांत नव्या तऱ्हेचे रेडिओ आले. ते आपली वाट आपणच शोधतात. चिमटे पुन्हा कपड्यांच्या दोरीवर गेले.

आता अडचण राहिली माणसांची. या छंदाची तिकडची मोठी संस्था म्हणजे 1936 साली निघालेली ‘अॅकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्स’. तिचे ठाणे इंडियानातच, मन्सी या गावी, हजार एकरांहून मोठ्या मैदानावर आहे. शेजारी संग्रहालयही आहे. मी ते दोनदा पाहिले. संस्थेकडे गावोगावच्या क्लबांची यादी मिळते, स्पर्धांची पत्रिका मिळते. पण भाच्याने यादी चाळली तेव्हा जवळची लढाई मोटारीने तीन तासांवर निघाली. कुठे दोघे, कुठे एकटाच. मग त्याने उलटा मार्ग धरला. सामना शोधायचा नाही, भरवायचा. एकेकाला फोन करून त्याने सहा जण जमवले. त्यांत एक ट्रक दुरुस्त करणारा होता, एक निवृत्त पोस्टमन होते, आणि चौदा वर्षांची एक मुलगी होती.

मैदान गावच्या क्लबचे. क्लबच्या समितीत बहुतेक साठी उलटलेले गृहस्थ. त्यांतल्या एकाने दोन हिवाळे खर्चून एक लढाऊ विमान बांधले होते. त्याच्या पंखावरचा एकेक खिळा मोजून घ्यावा इतके देखणे. त्यांचा प्रश्न सरळ होता. जे जपून बांधायचे ते मुद्दाम मोडायला का न्यायचे? मला हा प्रश्न मुळीच खुळा वाटला नाही. मी पाहुणा म्हणून मागच्या खुर्चीवर बसलो होतो, तरी मनातून त्यांच्याच बाजूला होतो.

भाच्याने उत्तरादाखल आपले विमान टेबलावर ठेवले. तिकडे निवडणुकीत घरोघर अंगणात प्लॅस्टिकच्या पन्हळी पाट्या रोवतात. निकालानंतर त्या पाट्यांचे पंख करायचे, पावसाच्या पन्हाळीच्या नळाचे धड करायचे, आणि पंख रबराच्या पट्ट्यांनी आवळायचे, अशी एक विद्याच आहे. टेबलावरच्या त्या विमानाच्या पंखाखाली कुणा पडलेल्या उमेदवाराचे अर्धे नाव वाचता येत होते. भाच्याने ते उचलले आणि जमिनीवर आपटले. विमान एक उडी मारून खुर्चीखाली गेले. काही झाले नाही. “मोडले तरी एका संध्याकाळचे काम,” तो म्हणाला. सगळ्यांनी सारख्या लहान इंजिनांची, हळू जाणारी, अशीच विमाने आणायची, असे त्याने ठरवून ठेवले होते. पैसेवाल्याला पुढे जाताच येऊ नये!

समितीने एका शनिवारची परवानगी दिली. अट एकच, पण तिने घाम फोडला. प्रत्येक विमानाला स्वतंत्र पंच हवा.

ही अट काही समितीने खोडसाळपणे घातलेली नाही. खेळाचीच ती गरज आहे. उडवणाऱ्याची नजर आपल्या विमानावरून क्षणभरही ढळली की ते गेलेच. आपण कोणाची पट्टी कापली, कापली की नुसती चाटून गेलो, हे त्याला कळतच नाही. शिवाय मान वर, भान नाही. आजूबाजूला काय येते आहे तेही दुसऱ्याने सांगायचे. म्हणून एका विमानाला एक पंच. त्याने दुसरे काही पाहायचे नाही. सहा विमाने, म्हणजे सहा पंच. वर एक घड्याळवाला, एक रेषेवर. न उडवणारी आठ माणसे! उडवायला कोणीही तयार असतो. ऊन खात, मान मोडून दुसऱ्याचे विमान पाहायला कोण येणार? भाच्याने क्लबच्या फळ्यावर ‘पंच पाहिजेत’ असा कागद लावला. पंधरा दिवसांत दोन नावे आली.

मी तयार झालो. मेहुणे घड्याळ घेऊन उभे राहिले. मुलीचे आईवडील, ट्रकवाल्याची पत्नी, असे करीत सात झाले. आठवे कोण? माझी बहीण तीन वर्षांत मैदानावर फिरकली नव्हती. हा छंद म्हणजे मुलाच्या अभ्यासावरचा दरोडा, असे तिचे स्पष्ट मत. आदल्या रात्री भाकरी थापता थापता तिने विचारले, “दादा, टोप घातला तर अंबाडा मावतो का रे त्यात?”

आपल्या घरच्या माणसाचा पंच व्हायचे नाही, हा नियम. तिच्या वाट्याला पोस्टमनसाहेब आले, माझ्या वाट्याला ट्रकवाला. पाच मिनिटांच्या पाच फेऱ्या होत्या; एका तुकड्याला 100 गुण, हवेत राहिलेल्या वेळाचे थोडे, आणि पट्टी शाबूत आणली तर थोडे वर. पहिल्या दोन फेऱ्यांत माझी मान आखडली एवढेच मला सांगता येईल. सहा इंजिनांचा तो आवाज म्हणजे सहा गिरण्यांच्या पट्ट्या एकदम सुटाव्यात तसा. मिथेनॉलचा आणि एरंडेलाचा वास. आणि निळ्या आभाळातून हळूहळू, अगदी सावकाश खाली येणारे रंगीत कागदाचे तुकडे. खाली ते माळावर पडले की मुले गोळा करीत.

चौथ्या फेरीत भाचा दुसऱ्या क्रमांकावर होता. त्याचे विमान वळणावर तिरके झाले, पोस्टमनचे मागून आले आणि गेले. पोस्टमनना स्वतःलाच काही दिसले नाही. ते सूर्याच्या बाजूला गेले होते. भाच्याच्या पंचाला खात्री नव्हती. माझी नजर माझ्या विमानावर. त्या क्षणी माझ्या बहिणीने हात वर केला आणि तीस वर्षे इंग्रजी बोललेल्या त्या बाईच्या तोंडून अस्सल येवल्याची आरोळी निघाली, “काटली!”

शब्द कोणाला कळला नाही. हात सगळ्यांना कळला. पोस्टमनच्या नावावर 100 गुण लागले आणि दुसरे बक्षीसही त्यांनाच गेले. बक्षीस म्हणजे डिंकाची बाटली आणि दोन पंखे.

परतताना गाडीत कोणी बोलेना. मी मामा, मी काय बोलणार? बऱ्याच वेळाने मागच्या बाकावरून आवाज आला, “आई, खरंच कापली होती?”

“मी हात वर केला ना?”

“कुठे? टोकाला की मुळाशी?”

तिने मागे वळून, एका हाताची पट्टी आणि दुसऱ्याचे विमान करून दाखवले. विमान खालून कसे आले, याचा मुलगा कुठे वळला, कागद कसा आधी ताणला आणि मग तुटला, ते सगळे. तो ऐकत राहिला. “मग मी उजवीकडे वळायला नको होते,” तो म्हणाला. “आधीच वळलास,” ती म्हणाली, “तो अजून लांब होता.” घर येईपर्यंत त्या दोघांनी पाचही फेऱ्या पुन्हा उडवल्या. मेहुणे आणि मी रस्त्याकडे पाहत होतो.

इकडे असे काही करता येईल का, असे विचारणारी पत्रे येणारच, म्हणून सांगतो. आपल्याकडे 2021 च्या ड्रोन नियमांत नजरेच्या टप्प्यात, हौसेसाठी उडवायच्या लहान विमानांचा वेगळा विचार केला आहे. सरकारी नकाशावर ज्या भागाला हिरवा रंग आहे तिथे 400 फुटांपर्यंत उडवायला वेगळी परवानगी लागत नाही. विमानतळाजवळ मात्र रंग बदलतो, तेव्हा नकाशा आणि नोंदणीचे नियम आधी पाहावेत. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई विभागात मुलांना अशी विमाने बांधायला आणि उडवायला शिकवतात. तिथे चौकशी करावी. पंचांची व्यवस्था मात्र घरूनच करावी लागेल.

परवा बहिणीचा फोन आला. क्लबने पुढच्या वर्षासाठी दोन शनिवार दिले आहेत. तिने तिथल्या महाराष्ट्र मंडळातल्या तीन मैत्रिणींना साबुदाण्याची खिचडी कबूल करून पंच म्हणून तयार केले आहे, आणि चौथीचे मन वळवणे चालू आहे.