कुलूप लावले म्हणजे दुरुस्ती झाली नाही

व्यावसायिक इमारतींमधल्या वाहत्या फ्लश व्हॉल्व्हविषयी मागच्या अंकात आम्ही वाचकांचे अनुभव मागवले होते. पत्रे भरपूर आली, पण तांत्रिक अडचण विचारणारी त्यांत थोडीच निघाली. व्हॉल्व्ह का वाहतो हे आपल्या लोकांना ठाऊक आहे. तो दुरुस्त का करू दिला जात नाही, हा बहुतेकांचा प्रश्न आहे.

मराठवाड्यातल्या एका सरकारी रुग्णालयात देखभालीचे काम करणाऱ्या वाचकाचे पत्र सगळ्यांत लांबलचक आहे. बाळंतिणींच्या कक्षातला एक संडास अखंड वाहत होता. त्यांनी कॅप उघडली, डायफ्रामची कड फाटलेली दिसली, किट मागितले. भांडारातून उत्तर आले की दर करारात 'फ्लश व्हॉल्व्ह पुरवणे व बसवणे' एवढीच बाब आहे, डायफ्रामची नाही. बाब नाही म्हणून दर नाही, दर नाही म्हणून खरेदी नाही. बाहेरून आणायचे तर तीन कोटेशने हवीत, आणि एवढ्याशा रबरासाठी कोटेशन लिहून द्यायला दुकानदार तयार होईना. शेवटी अख्खा व्हॉल्व्ह बदलण्याचा प्रस्ताव गेला. नवा नग मिळायचा तर जुना आधी भांडारात जमा करून डेड स्टॉक रजिस्टरला चढवायला हवा. म्हणजे तोवर लाइनला प्लग मारून ठेवायचा. इतक्यात पाणी वाया जात असल्याची ओरड वरपर्यंत पोहोचली आणि कॉक बंद करून दाराला कुलूप घालण्याचा तोंडी आदेश आला. पाणी थांबले. त्याच दिवशी तक्रार वहीत शेरा पडला : 'निकाली'.

या एका शब्दाने पुढचे सगळे बिघडवले. वहीत तक्रारच उरली नाही, मग व्हॉल्व्ह कशासाठी हवा, अशी विचारणा करून प्रस्ताव परत आला. टाके ओले असलेल्या बायका त्या कक्षातून भिंतीला धरत मजल्याच्या दुसऱ्या टोकाला जातात, सोबतची आई किंवा सासू मागून बादली घेऊन चालते. कागदावर मात्र त्या इमारतीत एकही फ्लश व्हॉल्व्ह बिघडलेला नाही. शेरा मारणाऱ्या अधिकाऱ्याने एकदा त्या मजल्यावर उभे राहावे, एवढी आमची अपेक्षा आहे. ज्या दुरुस्तीनंतर संडास वापरता येत नाही तिला दुरुस्ती म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

विल्यम स्लोन यांनी १९०६ साली शिकागोत या व्हॉल्व्हचा धंदा सुरू केला. तेव्हापासून या मालाची खरी ताकद हीच, की पितळी अंग जागेवर राहते आणि आतला रबर समोरूनच बदलता येतो. कॉक बंद करा, कॅप काढा, डायफ्राम उचला. बायपासच्या भोकात बहुतेक वेळा टेफलॉनचा एखादा धागा, सीपीव्हीसी कापताना पडलेला कीस नाहीतर वाळूचा कण अडकलेला असतो. वरचा कप्पा भरत नाही, डायफ्राम बसत नाही, पाणी वाहत राहते. बोअरचे किंवा टँकरचे पाणी असेल तर सीटवर क्षाराचे पांढरे कडे धरलेले दिसते. बोट फिरवले की खरखर हाताला लागते. साफसफाई आणि किट मिळून तासाभराचे काम. त्या तासासाठी दर करारात जागा नाही.

जागा नसल्याची किंमत मोजून पाहा. मिनिटाला एक लिटर, म्हणजे भांड्याच्या कडेने जेमतेम दिसेल एवढी धार, दिवसाला १,४४० लिटर पाणी नेते. कार्यालयासाठी माणशी ४५ लिटरचा हिशेब धरला तर ते ३२ कर्मचाऱ्यांचे पाणी झाले. आणि व्हॉल्व्ह पूर्ण उघडा अडकला तर? सेकंदाला दीड लिटर धरा : १०,००० लिटरची गच्चीवरची टाकी दोन तासांच्या आत रिकामी. शनिवारी संध्याकाळी असे झाले की ऑटोमॅटिक पंप रात्रभर खालची टाकी उपसून वर चढवत राहतो, आणि सोमवारी सकाळी दोन्ही टाक्या कोरड्या मिळतात.

पैसे नाहीत हे कारण आम्हाला मान्य नाही. मार्चअखेरीस शिल्लक निधी संपवायला नवे कोरे व्हॉल्व्ह खोक्यांनी येतात. दर वर्षी ज्याचा दर कमी त्याचा माल, त्यामुळे एकाच मजल्यावर तीन कंपन्यांचे व्हॉल्व्ह, आणि एकाचे किट दुसऱ्याला बसत नाही. कन्सील्ड असेल तर टाइल फोडा, गवंडी बोलवा, रंग जुळत नाही म्हणून अर्धी भिंत पुन्हा करा. खासगी आयटी पार्क आणि मॉलमध्येही चित्र फारसे वेगळे नाही. तिथे एएमसीत मजुरी आमची, स्पेअर मालकाचे. मालकाची मंजुरी येईपर्यंत दारावर 'वापर बंद'ची पाटी.

सल्लागारांनाही एक गोष्ट सांगायची आहे. वरच्या मजल्यावर, टाकीचा तळ जेमतेम दोन-तीन मीटर वर असताना, फ्लश व्हॉल्व्ह देणे थांबवा. दहा मीटरला साधारण एक बार. तिथे पाव बारही धड मिळत नाही, आणि त्याहून जास्त प्रेशर लागते हे व्हॉल्व्हच्या माहितीपत्रकातच छापलेले असते. तो व्हॉल्व्ह बंद होणारच नाही, कितीही किट बदला. तिथे सिस्टर्न द्या किंवा प्रेशर पंप द्या.

आता आपल्या घरचे. बायपासच्या भोकात सुई किंवा तार घालणारे आपल्यातच आहेत. भोक मोठे झाले की कप्पा लवकर भरतो, फ्लश अर्धाच होतो, माणूस दोन-तीनदा बटण दाबतो आणि पाणी पहिल्याहून जास्त जाते. सायकलच्या ट्यूबमधून वायसर कापणारे आहेत. युरिनलचे किट संडासाच्या व्हॉल्व्हला बसवून बिल करणारे आहेत. आवाज नको म्हणून कॉक इतका आवळतात की भांडे साफ होत नाही आणि आठवड्यात चोकअपची तक्रार येते. नवी लाइन धुऊन न काढता व्हॉल्व्ह बसवण्याची घाई तर सर्रास चालते. तोच कचरा महिन्याभराने डायफ्रामखाली सापडतो. मेन बंद करून पुन्हा चालू केल्यावर सगळेच व्हॉल्व्ह वाहू लागले की घाबरून सगळ्यांची किट बदलणाऱ्यांना काय म्हणावे? सगळे कॉक बंद करा, लाइनला प्रेशर येऊ द्या, मग एकेक उघडा. रबर शाबूत असेल तर एकही पैसा लागत नाही. आपण अशी कामे करत राहिलो तर 'दुरुस्ती टिकत नाही, नवाच टाका' म्हणणाऱ्या अधिकाऱ्याला आपणच पुरावा देतो.

पुढच्या आर्थिक वर्षाची अंदाजपत्रके आता तयार व्हायला लागतील. म्हणून प्रत्येक वाचकाला विनंती आहे : आपण जिथे काम करतो तिथल्या अभियंत्याकडे पुढील बाब लेखी द्या आणि पोच घ्या. 'फ्लश व्हॉल्व्ह जागेवर खोलणे, बायपास व सीट साफ करणे, त्याच मेकचे डायफ्राम अथवा पिस्टन किट बदलणे, प्रेशर तपासून फ्लश जुळवून देणे, दर प्रति नग.' त्यासोबत इमारतीतल्या व्हॉल्व्हचे मेक आणि मॉडेल मजल्याप्रमाणे लिहून द्या, म्हणजे किट आधीच मागवून ठेवता येतील. जॉब शीटवर 'व्हॉल्व्ह दुरुस्त केला' एवढे लिहून थांबू नका. बायपास चोक, कड फाटली, सीटवर क्षार, प्रेशर कमी, जे असेल ते कारण लिहा. आणि कॉक बंद करून यावे लागले, तर तक्रार वहीत 'काम बाकी, संडास बंद' असे स्वतःच्या हाताने लिहून सही करा. निकाली हा शेरा दुसऱ्या कोणाला मारू देऊ नका.

पोच मिळालेल्या अर्जांच्या प्रती आमच्या कार्यालयाकडे पाठवा. त्या एकत्र करून दरसूची ठरवणाऱ्या अभियंत्यांपुढे आम्ही स्वतः घेऊन जाणार आहोत. पाच-पंचवीस अर्जांनी ते हलणार नाहीत. जिल्ह्याजिल्ह्यातून गठ्ठे यायला हवेत.